बाँड लिहून घेतला, तरी मुलगा समोरच्या दुकानात गेला. आता काय?



मुलुंड पश्चिमेला पाच रस्त्याच्या आसपास मोबाइल दुरुस्तीची जेवढी दुकानं आहेत, तेवढी माणसं एकमेकांना नावानिशी ओळखतात. त्यातल्याच एका दुकानदाराने मागच्या महिन्यात मला हाक मारून आत बोलावलं. चहा यायच्या आधीच गल्ल्याखालच्या ड्रॉवरमधून त्याने एक स्टॅम्पपेपर काढून काउंटरवर ठेवला.

"सर, तुम्हीच सांगता ना, सगळं लेखी ठेवा. हे बघा, ठेवलंय लेखी. तरी पोरगा गेला. आणि गेला कुठे? ते बघा, समोर!"

खरंच समोर. रस्त्याच्या पलीकडे, त्याच्या काउंटरवरून दिसेल अशा ठिकाणी तो मुलगा दुसऱ्याच्या स्टुलावर बसून कुणाचा तरी फोन उघडत होता.

मी कागद वाचला. भाषा कुठल्या तरी मोठ्या कंपनीच्या करारातून उचललेली होती, पण अटी याने स्वतः घातल्या होत्या. तीन वर्षं काम करीन. आधी सोडलं तर ३ लाख रुपये भरीन. सोडल्यावर पाच वर्षं मुलुंड, नाहूर, भांडुप आणि ठाण्यात मोबाइल दुरुस्तीचं काम करणार नाही. बारावीची मूळ मार्कशीट मालकाकडे राहील. सोबत सही केलेला एक कोरा चेक. मुलाचा पगार होता महिना १६ हजार. चौदा महिन्यांनी तो गेला आणि शेवटच्या २२ दिवसांचा पगार शेठनी "हिशोब होईपर्यंत" अडकवून ठेवला होता.

प्रश्न एकच: "केस ठोकू का?"

माझं उत्तर ऐकून ते नाराज झाले. कारण या सगळ्या प्रकरणात आज पटकन केस कोणी ठोकू शकत असेल, तर तो मुलगा.

हाच प्रश्न सलूनवाले, क्लासवाले, केकवाले, अकाउंटंट, सगळेच विचारतात. त्यामुळे आज एकेक अट सुटी करून बघू.

आधी स्टॅम्पपेपरचा भ्रम काढून टाका. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बऱ्याच करारांना शंभरऐवजी पाचशेचा स्टॅम्प लागतो, आणि पाचशे मोजले म्हणून कागदाला जास्त वजन आलं असं लोकांना वाटतं. स्टॅम्प ही सरकारला भरायची ड्यूटी आहे. आत लिहिलेली अट कायद्याला मान्य नसेल, तर पाच हजारांचा स्टॅम्प लावूनही ती मान्य होत नाही. आणि सही करताना मुलगा अठराच्या आतला असेल, तर तो करारच नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण दहावी-बारावीनंतर लगेच कामाला लागलेली मुलं बहुतेक याच वयाची असतात.

आता मोठी अट: पाच वर्षं मुलुंड ते ठाणे काम करायचं नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याचं कलम २७ म्हणतं की एखाद्याला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. कायद्यातच दिलेला अपवाद धंद्याची गुडविल विकण्याचा. तुम्ही तुमचं चालू दुकान नावासकट मला विकलंत, तर शेजारी लगेच तसंच दुकान उघडू नका असं मी वाजवी मर्यादेत लिहून घेऊ शकतो. नोकराने मात्र तुम्हाला काहीही विकलेलं नसतं. तो काम करत होता, आता करत नाही.

यावरची एक गाजलेली केस आपल्या ओळखीच्या माणसाची आहे. श्रीरामपूरचा झहीर खान. सन २००० मध्ये त्याने पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्याच्या जाहिराती वगैरेचं काम ही कंपनी बघणार होती. करारात एक अट अशी होती की मुदत संपल्यावरही दुसऱ्या कोणाची ऑफर आली, तर ती आधी यांना दाखवायची आणि तेवढेच पैसे द्यायची संधी यांना द्यायची. २००३ मध्ये मुदत संपली आणि झहीरने दुसऱ्या कंपनीशी हात मिळवला. मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या न्यायाधीशांनी पर्सेप्टच्या बाजूने मनाई दिली. खंडपीठाने ती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये खंडपीठाचंच म्हणणं कायम ठेवलं: कराराची मुदत संपल्यानंतरही माणसाला बांधून ठेवणारी अट कलम २७ पुढे टिकत नाही.

दोन्ही बाजूंना मोठमोठे वकील असलेल्या केसमध्ये ही अट टिकली नाही. "मुलुंड, नाहूर, भांडुप आणि ठाणे" कुठून टिकणार?

पण म्हणून बाँड म्हणजे निव्वळ रद्दी, असंही नाही. मुदत चालू असतानाची गोष्ट वेगळी आहे. त्यासाठी आपल्याला कल्याणला जावं लागेल.

साठच्या दशकात सेंच्युरी कंपनीच्या कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायर कॉर्डचं नवं काम सुरू होत होतं. त्याचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून, गुप्ततेच्या अटीवर आणलेलं. निरंजन शंकर गोलिकारी हे तिथे शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. करार मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा. त्या काळात दुसरीकडे असंच काम करायचं नाही आणि इथली माहिती बाहेर द्यायची नाही, अशा अटी होत्या. कंपनीने त्यांना प्रशिक्षण दिलं. १९६४ मध्ये ते काम सोडून राजस्थानात कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत जास्त पगारावर गेले. कल्याणच्या कोर्टात दावा लागला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. जानेवारी १९६७ मध्ये निकाल लागला, कंपनीच्या बाजूने.

मात्र कोर्टाने मनाई किती दिली ते नीट बघा. फक्त कराराची उरलेली मुदत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत, आणि तीही त्याच प्रकारच्या कामापुरती. कुठेच नोकरी करायची नाही असं कोर्टाने म्हटलं नाही. पुन्हा सेंच्युरीत जाऊन काम करा असंही सांगितलं नाही. माणसाला त्याच्या मनाविरुद्ध कामावर बसवणं आपल्या कायद्यात बसतच नाही. आणि कंपनीकडे दाखवायला खरोखर काहीतरी होतं: बाहेरून आणलेलं तंत्र, दिलेलं प्रशिक्षण आणि नेमकी मुदत.

आपल्या दुकानदाराचीही मुदत चालूच होती, तीन वर्षांतले चौदा महिनेच झाले होते. म्हणजे तो हुरळून म्हणणार, "सर, मग माझी केस गोलिकारीसारखी!" कागदावर थोडीशी, हो. पण डिस्प्ले आणि बॅटरी बदलणं ही गुप्त विद्या नाही, शंभर ठिकाणी शिकायला मिळते.

राहिले ३ लाख. इथे अगदी ताजा निकाल आहे. विजया बँकेने एका अधिकाऱ्याच्या नेमणुकीत तीन वर्षं नोकरी, आधी सोडल्यास २ लाख भरपाई, अशी अट घातली होती. त्याने २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला, पैसे निषेध नोंदवून भरले आणि मग दाद मागितली. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. नोकरी चालू असतानाची ही अट आहे, म्हणून कलम २७ आड येत नाही. सरकारी बँकेला जाहिरात आणि परीक्षेची सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, त्याचा खर्च होतो. आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या पगाराच्या मानाने २ लाख फार नाहीत.

हा निकाल व्हॉट्सॲपवर "आता बाँड कायदेशीर!" अशा मथळ्याखाली फिरला. मला स्वतःला तो वाचून उलट वाटलं. कोर्टाने रक्कम आणि पगार शेजारी ठेवून बघितले. तुमच्याकडे १६ हजारवाल्या मुलासमोर ३ लाख आहेत. म्हणजे जवळजवळ १९ महिन्यांचा पगार! शिवाय कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. कोर्ट त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. मी शेठना विचारलं, "याला शिकवायला तुमचा खर्च किती झाला?" ते म्हणाले, "अहो, माझा वेळ गेला की!" पावती एकही नव्हती.

तुम्ही मुलाला बाहेरच्या चिप-लेव्हल कोर्सला पाठवलंत, २५ हजार फी भरलीत, पावती तुमच्या नावावर आहे, आणि "एक वर्षात सोडल्यास ही फी परत, दर महिन्याला बाराव्या हिश्शाने कमी होत जाईल" असं लिहून घेतलंत, तर त्यात दम आहे. रक्कम कुठून आली ते दिसतं. असा कागद मी कोणालाही करायला सांगेन.

मार्कशीट आणि कोरा चेक यावर जास्त बोलत नाही. दुसऱ्याची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचा मालकाला अधिकार नाही. झेरॉक्स घ्या, मूळ बघा आणि त्याच मिनिटाला परत द्या. चेक तर तुमच्याच अंगाशी येईल. देणं नसताना तो भरलात, तर कोर्टात तुम्हाला विचारतील की पैसे कशाचे.

आता ते २२ दिवस. इथे शेठचा चेहरा उतरला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातली वेतन संहिता सांगते की माणसाला काढलं किंवा त्याने स्वतः राजीनामा दिला, तरी त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं. तुमच्याकडे दोन माणसं असोत की दोनशे. "नवीन माणूस मिळेपर्यंत थांब", "महिनाअखेरीला बघू" हे चालत नाही. मुलाने अर्ज केला, तर अधिकारी मूळ रक्कम तर देववतोच, वर त्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई लावू शकतो. अर्ज करायला त्याच्याकडे तीन वर्षं आहेत. शिवाय देणं असलेल्यापेक्षा कमी वेतन दिलं, तर ५० हजारांपर्यंत दंड वेगळा. तुमचं त्याच्याकडे काही येणं असेल तर ते वेगळं मागा: नोटीस, मग दिवाणी दावा. पगार हा तुमच्या हातातला ओलीस नाही.

यालाच जोडून हमखास येणारा प्रश्न: गिऱ्हाइकाच्या फोनचा डिस्प्ले पोराने फोडला, ८ हजार पगारातून कापू का? कापता येतात, पण शेठ म्हणतील तसे नाही. वस्तू त्याच्या ताब्यात दिलेली होती आणि नुकसान थेट त्याच्या निष्काळजीपणामुळे झालं, हे दिसायला हवं. आधी त्याचं म्हणणं ऐकायचं. नुकसान झालं तेवढंच कापायचं. आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यावर जायच्या नाहीत. "उशिरा आलास, २०० रुपये दंड" हा प्रकार तर अजून अवघड आहे. कशाकशाला दंड, ते सरकारच्या मान्यतेने आधी जाहीर केलेलं असावं लागतं आणि दंड वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. १६ हजारांवर ते ४८० होतात, पूर्ण महिन्याचे मिळून. न आलेल्या वेळेचा पगार न देणं ही वेगळी गोष्ट, ते चालतं.

"मी त्याला ट्रेनी दाखवतो, मग हे काही लागू नाही ना?" हेही विचारलं जातं. नाव बदलून काम बदलत नाही. खरंच शिकाऊ उमेदवार ठेवायचा असेल, तर शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ आहे. पोर्टलवर नोंदणी करायची, करार करायचा, ठरलेला स्टायपेंड द्यायचा. चार ते २९ माणसांच्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे, तीस आणि पुढे सक्तीचं. आपल्यातले फार थोडे ते वापरतात, आणि का वापरत नाहीत हे मला अजून कळलेलं नाही. एक स्वतंत्र व्हिडिओ करू त्यावर.

मग माणूस टिकवायचा कसा? शेठनी हे विचारलंच. मी म्हटलं, जाण्याचा दंड लिहिण्यापेक्षा राहण्याचा फायदा लिहा. एक वर्ष झालं की इतके, दोन वर्षं झाली की इतके. हा करार कोणीही रद्द ठरवणार नाही. दहा माणसं झाली की ईएसआयसीमध्ये या. २१ हजारांपर्यंतच्या पगारावर मालकाचे सव्वातीन टक्के, कामगाराचा पाऊण टक्का. आपल्या मुलुंडमध्येच कामगार विम्याचं रुग्णालय आहे. आईला दाखवायला जिथे कार्ड चालतं, ती नोकरी दोन हजारांसाठी माणूस सहसा सोडत नाही, हे मी अनेक दुकानांत बघितलंय.

शेठनी त्या संध्याकाळी मुलाला बोलावलं. मार्कशीट आणि चेक परत दिला, २२ दिवसांचे ११,७३३ रुपये त्याच्या खात्यावर टाकले आणि मिळाल्याची सही घेतली. मी निघताना ते हळूच म्हणाले, "सर, अजून एक. उद्यापासून नवीन मुलगा येतोय. नेताजी सुभाष रोडच्या दुकानातला. त्याच्याकडूनही तिथे बाँड लिहून घेतलाय म्हणे. काही प्रॉब्लेम?"

आता हेच सगळं उलट्या बाजूने वाचा. त्या कागदाची मुदत चालू आहे का ते बघा. चालू असेल, तर त्याला आधी तिथे लेखी राजीनामा देऊ दे, नोटीस भरू दे, फीची काही खरी रक्कम निघत असेल तर ती मिटवू दे. राजीनाम्याची पोच आपल्या फाइलला लावा आणि मगच नेमणूकपत्र द्या. आणि त्याची मूळ मार्कशीट तिकडच्या मालकाकडे असेल, तर ती मागायला त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.