अपराजित, परंतु अनिमंत्रित

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पायाने खेळावयाचा गोल चेंडू उभा राहतो. अमेरिकेत मात्र हे नाव एका निराळ्याच खेळाला आहे. तेथील चेंडू लांबट व दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो हाती घेऊन पळावयाचे किंवा सहकाऱ्याकडे फेकावयाचा. मैदान 100 यार्डांचे. चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड पुढे सरकले तरच चेंडू आपल्याकडे राहतो आणि अखेरच्या रेषेपलीकडे तो नेला की 6 गुण मिळतात. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत समजावयास अडचण नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकारने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलला आणि महाविद्यालये भरून गेली. सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ हे जेझुइट पाद्र्यांनी चालविलेले, लहानसे विद्यापीठ. त्याच्या संघातला जिनो मार्केटी युरोपातील रणांगण पाहून आलेला होता. त्याच संघात ऑली मॅटसन व बर्ल टोलर हे दोघे कृष्णवर्णीय खेळाडू होते.

1951 च्या हंगामात जो कुहारिक यांच्या शिकवणुकीखाली हा संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. त्यांतील एक न्यूयॉर्कच्या फोर्डॅमविरुद्धचा. तो 32-26 असा अटीतटीचा झाला. स्टॉक्टनच्या पॅसिफिक महाविद्यालयावर मात्र त्यांनी 47-14 अशी सहज मात केली. एकट्या मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन 1,566 यार्ड धाव घेतली. त्या वर्षी देशातल्या कोणत्याही महाविद्यालयीन खेळाडूने इतकी मजल मारली नव्हती.

आता येथे एक व्यवस्था समजून घेतली पाहिजे. हंगाम संपला की नववर्षाच्या सुमारास उबदार हवेच्या शहरांत ‘बाउल’ नावाचे मोठे सामने होत. त्यांत खेळण्याचा हक्क केवळ विजयाने मिळत नसे. यजमान मंडळी निमंत्रण धाडीत. निमंत्रण म्हणजे कीर्ती आणि पैसाही. यांपैकी बरीच शहरे दक्षिणेत होती, आणि तेथे गोऱ्या-काळ्यांनी एकत्र खेळू नये हा दंडक होता.

खेळाडूंनी पुढे सांगितले त्याप्रमाणे, मॅटसन व टोलर यांना घरी ठेवाल तर फ्लोरिडातील ऑरेंज बाउलची वाट मोकळी होईल, असे त्यांच्या कानी आले. संघाने ते साफ नाकारले. जायचे तर सगळ्यांनी, नाहीतर कोणीच नाही. मायामीत 1 जानेवारी 1952 रोजी तो सामना जॉर्जिया टेक व बेलर या संघांत झाला.

या नकाराची किंमत लहान नव्हती. विद्यापीठाला फुटबॉलचा खर्च आधीच झेपत नव्हता. बाउलच्या उत्पन्नाने थोडा आधार मिळाला असता. तोही गेला आणि त्या हंगामानंतर संघच बंद करण्यात आला. ज्यांचे महाविद्यालयीन वर्ष अद्याप उरले होते, त्यांना मैदान राहिले नाही.

मात्र माणसे लोपली नाहीत. मॅटसनने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 400 मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक व रिलेत रौप्यपदक मिळविले. तो, मार्केटी व बॉब सेंट क्लेअर हे तिघेही पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या मानकऱ्यांत गणले गेले. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल 1960 मध्ये व्यावसायिक लीगचा प्रमुख झाला. टोलरचा गुडघा 1952 मध्येच दुखावला व त्याचे खेळणे संपले. तो शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक झाला. आणि 1965 मध्ये त्या लीगमधील पहिला कृष्णवर्णीय पंच म्हणून मैदानावर परतला. 1980 च्या सुपर बाउलमध्येही तो पंच होता.

2006 मध्ये विद्यापीठाने हयात असलेल्या खेळाडूंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. अन्यायाची झळ ज्यांना थेट लागत नव्हती, त्या खेळाडूंनी आपला लाभ सोडला, ही गोष्ट आम्हांला त्या नऊ विजयांहून मोठी वाटते. अन्याय सोसणाऱ्याने केलेली तक्रार समाज पुष्कळदा ऐकून सोडून देतो. परंतु ज्याला दार उघडे आहे तोच बाहेर उभा राहिला, म्हणजे ते दार कोणासाठी बंद आहे, हे सर्वांना दिसू लागते.