निळसर भिंत, गेरवी भिंत

जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. खाली खाडी, वर जांभ्याचा सडा. इथल्या एखाद्या खोलीला रंग काढायचा झाला तर दोन नमुने शेजारीशेजारी लावून पाहावेत: किंचित नीळ घातलेली चुन्याची सफेदी आणि गेरूचा गडद तांबडा. एक समुद्राचा, दुसरा सड्याचा. कोकणात शिंपले भाजून चुना करत. आणि गेरूला तांबडं करणारं लोहाचं ऑक्साइड जांभ्यातही ठासून भरलेलं असतं.

चुन्याची करामत बघा. भट्टीत शिंपल्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भिंतीला लावलेला चुना तोच वायू हवेतून सावकाश परत घेतो आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे जे शिंपल्यात होतं तेच!

आता उजेडाचा हिशेब. स्वच्छ सफेदी साधारण ८० टक्के प्रकाश परत फेकते, गडद गेरवा १५ टक्क्यांच्या आसपास. पण प्रकाश एका भिंतीशी थांबत नाही. १०० चे ८०, ८० चे ६४, ६४ चे ५१... अशी बेरीज करत गेलं तर पूर्ण पांढऱ्या, बंद खोलीत भिंतींवर एकूण पाचपट उजेड पडतो. गेरव्या खोलीत सव्वापटसुद्धा नाही. शिवाय दर फेरीत तांबडी भिंत निळा-हिरवा प्रकाश गिळते, म्हणून शेडकार्डावर सौम्य दिसलेला तांबडा चारी भिंतींवर चढला की भडकतो. नीळही थोडा प्रकाश खातेच, पण चुन्याची पिवळट झाक मारते आणि भिंत उलट जास्त पांढरी भासते.

खरी गंमत तिन्हीसांजेची, दिवे लावण्याआधीची. भर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक दाद देतो. अंधारताना डोळ्यातल्या दंडपेशी काम हाती घेतात आणि हा बिंदू ५०७ कडे, निळ्याच्या बाजूला सरकतो. तांबडा त्यांना जवळजवळ दिसतच नाही. दुपारी तेजाळलेली गेरवी भिंत काळवंडते, निळसर भिंत मात्र उजळच राहते. एकोणिसाव्या शतकात चेक शास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी हे टिपलं, म्हणून या परिणामाला त्यांचंच नाव आहे.

तेव्हा नमुन्यांचा निवाडा दुपारी करू नये. माझं मत विचाराल तर अंधाऱ्या माजघराला सफेदीच. गेरवा द्यायचाच तर खाली कमरेइतका पट्टा पुरे. तिथे मुलांच्या हातांचे डागही खपून जातात.