महामार्ग ४८ आणि त्याचे फाटे

दिल्लीहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर असा टप्प्याटप्प्याने चेन्नईला पोचतो. लांबी सुमारे २,८०० किलोमीटर. २०१० पर्यंत हा सलग एक महामार्ग नव्हता. दिल्ली-मुंबई मार्गाचा क्रमांक ८ होता आणि ठाण्याहून चेन्नईकडे जाणाऱ्याचा ४. नव्या क्रमांकाने दोन्ही एकत्र आले, मात्र शेवटचा टप्पा बदलला. जुना ४ बंगळूरहून कोलार-चित्तूरवरून जाई, तर ४८ होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर या वाटेने जातो. सातारा-कऱ्हाड पट्ट्यात लोकांच्या तोंडी मात्र अजूनही ‘एनएच फोर’च आहे.

नव्या पद्धतीत उत्तर-दक्षिण मार्गांना सम क्रमांक मिळाले आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम मार्गांचे क्रमांक विषम असून ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. त्यामुळे कोलकाता-चेन्नई १६, श्रीनगर-कन्याकुमारी ४४, त्याच्या पश्चिमेला ४८ आणि कोकणातून जाणारा ६६ ही रांग नकाशा न उघडताही डोळ्यांपुढे उभी राहते. फार देखणी मांडणी आहे ही.

फाट्यांसाठी मूळ क्रमांकाआधी एक अंक लागतो. पळस्प्याहून न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा जुना ४बी आता ३४८ झाला, तर बेळगाव-पणजी ४ए झाला ७४८. अमेरिकेच्या इंटरस्टेट महामार्गांत हा पहिला अंक बराच बोलका असतो: सर्वसाधारणपणे विषम अंकाचा फाटा शहरात शिरून संपतो, सम अंकाचा वळसा घालून पुन्हा मोठ्या मार्गाला मिळतो. भारतीय अंकातून असे काही कळत नाही. ७४८ बेळगावला, पण ८४८ थेट उत्तरेला नाशिक-पेठ-पारडी रस्त्यावर. शिवाय अंक नऊच, म्हणून शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्त्याला ५४८ए म्हणावे लागले. जुनी अक्षरे अशी पुन्हा आलीच. पहिल्या अंकाला अर्थ देण्याची चांगली संधी इथे हुकली.

पुणे ते बेळगाव या पट्ट्यात रस्त्याची आखणी सह्याद्रीने ठरवली आहे. महामार्ग मुख्य रांगेच्या पूर्वेला, तिला जवळपास समांतर धावतो. रांगेतून पूर्वेकडे निघालेल्या डोंगरसोंडा मात्र त्याला ओलांडाव्याच लागतात, म्हणून कात्रज आणि खंबाटकी. खंबाटकीत पुण्याहून साताऱ्याकडे जाणारी वाहने घाट चढतात आणि परतीची बोगद्यातून येतात. सोंडांच्या मधल्या खोऱ्यांतून नीरा, कोयना, वारणा, पंचगंगा पूर्वेकडे उतरतात, म्हणजे रस्ता त्यांना आडवा जातो. पूरमैदानात घातलेला भराव नदीच्या बाजूने पाहिले तर बांधच ठरतो. पुराचे पाणी पूल आणि मोऱ्यांच्या तोंडांतून जाईल तेवढेच पुढे सरकते, उरलेले वरच्या अंगाला तुंबते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी रस्त्यावर आले आणि महामार्ग काही दिवस बंद राहिला. अशा जागी भराव आणखी उंच करून रस्ता कोरडा राहील, पण पाणी गावांत चढेल. खांबांवरचा रस्ता खर्चिक असला तरी तोच योग्य.

पश्चिमेकडच्या फाट्यांना सह्याद्रीची मुख्य धारच उतरावी लागते. ७४८ खानापूर, लोंढ्यावरून अनमोड घाटाने मोलेला उतरतो आणि फोंड्यावरून पणजी गाठतो. कोकणाकडचे इतर काही घाटरस्ते ४८ ला छेदून जातात, तरी ते ६६ चे फाटे आहेत. कोल्हापूरहून आंबा घाटाने रत्नागिरीला जाणारा १६६ हे त्याचे ठळक उदाहरण.

बंगळूरहून कोइमतूरकडे जाणारा ९४८ पूर्व आणि पश्चिम घाट जिथे भेटतात, त्या सत्यमंगलमच्या जंगलातून जातो. धिंबम घाटातली त्याची २७ वळणे वाघ-हत्तींच्या वावराच्या क्षेत्रात आहेत. रस्त्यावर वन्यप्राणी मरू लागल्याने मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २०२२ पासून या टप्प्यात रात्रीच्या वाहतुकीवर निर्बंध आहेत.