आधीं गोळी, मग नळी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांत प्रेअरी डॉग नांवाचा, खारीच्या कुळांतील, बिळें करून राहणारा प्राणी आहे. त्याला आणि कागदी निशाणालाहि लांबून टिपण्याचें काम कित्येक नेमबाज एकाच रायफलीवर भागवितात. अशा वेगवान रायफलीची नळी कांहीं हजार बार उडाले कीं निकामी होऊं लागते. दारूच्या तप्त वायूंनीं काडतुसापुढील भाग झिजतो आणि नेम पसरतो. बाकीची रायफल शाबूत असल्यामुळें केवळ नळी बदलतात.

नवी नळी घेतांना लांबी व वजन यांकडे लक्ष प्रथम जातें. पण मुख्य प्रश्न पिळाचा आहे. नळींतील मळसूत्री आटे गोळीला भोंवऱ्यासारखी फिरवितात, म्हणून ती हवेंत कोलांट्या खात नाहीं. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. हा हिशेब इंग्रज गणिती ग्रीनहिल यांनीं १८७९ सालीं मांडला. '.२२-२५०' जातीच्या रायफलींत पूर्वापार १४ इंचांत एक फेरा असे. तींतून ५५ ग्रेनची, म्हणजे सुमारें साडेतीन ग्रॅमची, आखूड गोळी नीट जाते. परंतु दूरवर वाऱ्यानें कमी ढळणारी ८० ग्रेनची लांबट गोळी डगमगते. तिला सुमारें ८ इंचांत एक फेरा लागतो.

जाड नळी सावकाश तापते, पण वाहून नेण्यास जड पडते. पोलाद साधें असावें कीं न गंजणारें, हा विचार त्यानंतरचा. पीळ चुकल्यास महागडी नळीहि व्यर्थ होय. तेव्हां श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच कीं, गोळी आधीं ठरवावी आणि मग नळी.