किनाऱ्यावरील दुचाकी आणि ब्रेकची सुरक्षितता

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर खारी, दमट हवा धातूला लवकर गंजविते. ब्रेकचे तेलही आर्द्रता शोषते. ते वेळेवर न बदलल्यास चाक जखडू न देणाऱ्या ‘एबीएस’ संचातील सूक्ष्म झडपा निकामी होऊ शकतात. साधा संच बिघडला तरी नेहमीचा ब्रेक बहुधा चालतो. विद्युत्-पंपाने दाब वाढविणाऱ्या संचात मात्र पंप थांबताच ब्रेकचा जोर एकदम घटतो.

दुरुस्ती महाग म्हणून काहीजण संच काढून नळ्या थेट जोडतात. परंतु १२५ सी. सी. हून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१९ पासून एबीएस अनिवार्य आहे. पावसाळी निसरड्या रस्त्यावर तोच तोल सावरतो. म्हणून इशारादिवा विझत नसल्यास संच काढण्याऐवजी जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यावा व तेल मुदतीत बदलावे.