सूर तेच, पान वेगळं: संगीताच्या स्टाइलशीट सगळ्यांनी मिळून कशा सांभाळायच्या?

26 ऑगस्ट 2024 रोजी मेकम्युझिक कंपनीने 'फिनाले' हे सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं जाहीर केलं. संगीतकार आणि प्रकाशक 1988 पासून यावर संगीताची पानं तयार करत होते. लिहिलेले स्वर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतात, त्यासाठी म्युझिकएक्सएमएल हा सामाईक फॉरमॅट आहे. पण पान कसं दिसावं, याच्या वर्षानुवर्षं जमवलेल्या सेटिंग्जचं काय? त्या फिनालेच्याच फायलींत होत्या. नव्या ठिकाणी त्या बहुतांशी पुन्हा बसवाव्या लागतात.

या सेटिंग्जचा संच म्हणजे स्टाइलशीट.

दिसण्याला एवढं महत्त्व का?

पाश्चात्त्य संगीत पाच रेघांवर लिहितात. जुन्या हिंदी चित्रपटगीतांसाठी गोव्याच्या अरेंजर मंडळींनी मुंबईत याच लिपीत वादकांची पानं हाताने लिहिली. छपाईसाठी मात्र कारागीर धातूच्या पत्र्यावर ठशांनी चिन्हं उमटवायचे, म्हणून या कामाचं नाव एनग्रेव्हिंग. दोन स्वरांत अंतर किती, रेघ किती जाड, ओळ कुठे तोडायची, हे सगळं त्यात आलं. व्हायोलिन वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्यामुळे पान उलटायची वेळ शक्यतो जिथे त्याला थांबायचंय तिथेच यायला हवी. ती चुकली तर ऐन कार्यक्रमात पंचाईत.

साध्या टेक्स्टमधलं संगीत

हान-वेन नीनहाउस आणि यान निउवेनहाउझेन यांनी 1996 मध्ये नेदरलँड्समध्ये 'लिलीपॉन्ड' सुरू केलं. हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. यात माउसने चिन्हं ओढायची नसतात. स्वर अक्षरांत टाइप करायचे आणि पान सॉफ्टवेअर रचतं. दिसण्याचे नियमही टेक्स्टमध्येच लिहितात. ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवून 'इन्क्लूड' या आज्ञेने कुठल्याही रचनेत ओढून घेता येतात. साहजिकच, एकाने लिहिलेली स्टाइलशीट दहा जण वापरू शकतात.

गोंधळही इथूनच सुरू होतो. प्रत्येक जण फाइल कॉपी करतो, आपल्या सोयीने दोन ओळी बदलतो, आणि काही महिन्यांनी 'फायनल', 'फायनल 2', 'खरंच फायनल' अशा फायली फिरू लागतात. (व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेचा मजकूर ठरवलेल्या कुणालाही हे सांगायला नको.) यावर उपाय म्हणून 'ओपनलिलीलिब' हा सामाईक प्रकल्प उभा राहिला. आधी सगळं एकाच भांडारात होतं, पुढे त्याची वेगवेगळी पॅकेजेस झाली. सर्वांना लागणारा गाभा एका पॅकेजमध्ये, नोटेशनचे फॉन्ट दुसऱ्यात, संशोधकांच्या टिपांची सोय तिसऱ्यात. ज्याला जे हवं त्याने तेवढंच घ्यायचं.

अशी लायब्ररी लावताना फोल्डरच्या नावांपेक्षा क्रम महत्त्वाचा. लिलीपॉन्डमध्ये एकाच गोष्टीबद्दल दोन आज्ञा असतील तर साधारणपणे नंतरची चालते. म्हणून आधी सगळ्यांची सामाईक फाइल, मग त्या प्रकल्पाची, शेवटी त्या एका रचनेची. पाच रेघांच्या पट्टीची उंची मुळात 20 पॉइंट असते. समजा एका प्रकल्पाला ती 18 हवी आहे. तर बदल प्रकल्पाच्या फाइलमध्ये करायचा, सामाईक फाइलला हात लावायचा नाही. तिथे आकडा बदलला तर ती फाइल वापरणाऱ्या प्रत्येक रचनेच्या ओळी नव्याने तुटू शकतात, आणि व्हायोलिनवाल्याचं पान भलतीकडेच उलटतं. एकही स्वर चुकलेला नसतो, त्यामुळे तपासणाऱ्याच्याही हे पटकन लक्षात येत नाही.

मग एकाच बारमधली एखादी खूण जरा वर सरकवायची असेल तर? त्यासाठी 'एडिशन एनग्रेव्हर' हे पॅकेज आहे. कितव्या बारमध्ये, कितव्या मात्रेवर, काय बदलायचं, हे त्यात स्वरांपासून वेगळं लिहून ठेवतात. छापील पुस्तकासाठी एक यादी आणि टॅब्लेटसाठी दुसरी, पण स्वरांची फाइल एकच. या सगळ्यातली सर्वांत उपयोगी कल्पना बहुधा हीच.

जुन्या फायलींचं काय?

'म्युटोपिया' या प्रकल्पात स्वयंसेवकांनी कॉपीराइट संपलेल्या 2,000 हून अधिक रचना लिलीपॉन्डमध्ये उतरवून मोफत दिल्या आहेत. त्यातल्या कित्येक जुन्या आवृत्तीत लिहिलेल्या आहेत. लिलीपॉन्डच्या आज्ञा काळानुसार बदलतात, म्हणून प्रत्येक फाइलच्या वर आवृत्तीचा क्रमांक लिहायची पद्धत आहे. तो वाचून 'कन्व्हर्ट-एलवाय' हे साधन जुन्या आज्ञा नव्या करून देतं, पण सगळ्या नाही. गुंतागुंतीच्या स्टाइलशीट बऱ्याचदा हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

त्यामुळे रचना छापायला गेली की नुसती तिची फाइल जपून भागत नाही. त्या दिवशी लायब्ररी ज्या अवस्थेत होती, तिच्यावर गिटमध्ये खूण करून ठेवावी लागते. मग लायब्ररी पुढे कितीही बदलली, तरी पाच वर्षांनी एखादा हरवलेला चेलोचा भाग पुन्हा काढला, तर तो आधीच्या पानांशी जुळतो.