न झालेल्या गोलांचा हिशेब

कबड्डीचा न्याय मोठा सरळ आहे. चढाईला गेलेला गडी दोघांना शिवून परत आला तर त्याला दोन गुण; आणि कोपऱ्यात टपून बसलेल्या गड्याने त्याचा घोटा धरून त्याला जागच्या जागी लोळवला, तर त्या पकडीलाही गुण. मारणारा आणि राखणारा, दोघांचेही खाते फळ्यावर उघडलेले असते. पनवेल, उरण, पेण या आमच्या टापूत वाढलेल्या माणसाच्या हा न्याय इतका अंगवळणी पडलेला असतो, की फुटबॉलचा सामना पाहताना त्याला प्रथम चुकल्याचुकल्यासारखे वाटते. तिथे बचाव करणारा गडी नव्वद मिनिटे धावतो, आडवा पडतो, पोटरीवर लाथा खातो, समोरच्याच्या पायातला चेंडू अलगद काढून घेतो. आणि फळ्यावर काय? शून्य! किंबहुना ते शून्य हेच त्याच्या कामाचे प्रमाणपत्र.

असल्या शून्यावर दहा-बारा वर्षांहून अधिक काळ आपला चरितार्थ चालवणाऱ्या एका मराठी खेळाडूची हकीकत मी सांगणार आहे. त्याचे नाव राहुल भेके. जन्म मुंबईचा, ६ डिसेंबर १९९० चा. धंदा, फुटबॉलमध्ये बचाव करण्याचा. वाचकहो, हे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेले नसेल, याची मला कल्पना आहे. ज्या घरात सकाळच्या चहाबरोबर क्रिकेटच्या धावा तोंडपाठ म्हटल्या जातात, त्या घरात फुटबॉल म्हणजे बंगाल्यांचा आणि गोवेकरांचा खेळ, अशी एक समजूत असते. वस्तुतः मुंबईत रोव्हर्स कपाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि कूपरेजच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी तिच्यासाठी गर्दी केली. खेळ इथे होता. मराठी मध्यमवर्गाने त्याला पोटापाण्याच्या यादीत मात्र कधी बसवले नाही.

आणि त्यात नवल तरी काय? गेल्या वर्षी नवीन पनवेलचे एक गृहस्थ मला भेटायला कॉलेजात आले होते. मुलगा आमच्याकडे बारावीला. अभ्यासात बेताचा, पण चेंडूच्या मागे वेडा. "सर, तो खेळतो याला आमची हरकत नाही," ते म्हणाले, "पण यात पुढे काय?" हा प्रश्न तुच्छतेचा नव्हता, काळजीचा होता. तो गृहस्थ दारावरच्या गुरख्यासारखा भविष्याच्या दारावर उभा होता, एवढेच. मी त्यांना राहुल भेकेची गोष्ट सांगितली. ती ऐकून त्यांची काळजी गेली असे मी म्हणणार नाही. कारण ही गोष्ट काळजी घालवणारी नाहीच.

एके काळी या प्रश्नाला चांगले उत्तर होते. गिरण्या, बँका, तेल कंपन्या, विमान कंपनी, सगळ्यांचे फुटबॉल संघ असत. चेंडू बरा खेळणाऱ्या मुलाला नोकरी लागे; सकाळी सराव, दुपारी कचेरी, आणि पाय थकले की कचेरीची खुर्ची शिल्लक राही. मध्यमवर्गाला पटणारी ही व्यवस्था राहुल मोठा होईपर्यंत विरत चालली होती. २००५-०६ च्या हंगामात राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० साली बंद झाला. राहुलने मोठ्या फुटबॉलात पाय टाकला तो एअर इंडियाच्या संघातून. २०१३ साली व्यावसायिक क्लबांसाठी ठरवलेल्या अटींत न बसल्याने तो संघ आय-लीगमधून बाहेर गेला. पुढे राहुल मुंबई एफसीकडून खेळला. तो क्लब २०१७ साली खालच्या पायरीवर घसरला आणि बंद पडला. २०१६ साली तो पुण्याच्या एफसी पुणे सिटीकडे होता. तो क्लबही २०१९ साली संपला. म्हणजे मौज पाहा, महाराष्ट्रातल्या ज्या तीन घरांत हा मुलगा सुरुवातीला राहिला, ती तिन्ही घरे त्याच्या मागे पडली. माणूस मात्र उभा राहिला.

तो उभा कसा राहिला? उत्तर त्याच्या धंद्यातच आहे. आघाडीच्या खेळाडूचे नशीब लहरी असते. चार सामन्यांत गोल झाला नाही की लोक त्याला विसरू लागतात. बचावपटूची किंमत त्याच्या भरवशात असते. मुंबईतून राहुल कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. १९२० साली स्थापन झालेला हा क्लब म्हणजे लाखो बंगाली घरांचा जीव की प्राण. तिथे चूक केलेल्या खेळाडूला बाजारात भाजी घेणेही अवघड. त्या दिवसांत आय-लीग आणि २०१४ साली सुरू झालेली इंडियन सुपर लीग या दोन स्पर्धा वर्षाच्या वेगवेगळ्या भागांत होत. म्हणून ईस्ट बंगालचा हा खेळाडू २०१५ साली उसना म्हणून केरळ ब्लास्टर्सकडे गेला आणि २०१६ साली पुण्याला. कलकत्ता, कोची, पुणे. भाषा निराळी, प्रशिक्षक निराळा, शेजारी उभा राहणारा जोडीदार निराळा.

हे शेवटचे वाटते तितके सोपे नाही. १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. तोवर चेंडू पुढे दिला जाताना आघाडीच्या गड्यापुढे प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत, ते पुढे दोनच पुरेसे झाले. तेव्हापासून बचाव ही एकट्याची कुस्ती राहिली नाही. मागचे चार गडी एका दोरीत बांधल्यासारखे पुढेमागे सरकले पाहिजेत. एक जण दोन पावले मागे राहिला, की आघाडीवाला मोकळा सुटला म्हणून समजावे. म्हणजे दर नव्या क्लबात गेल्यावर या माणसाला नव्या तीन माणसांच्या मनातले ओळखावे लागते. त्यातून राहुल कधी उजव्या बगलेला खेळतो, कधी मधोमध. उजव्या बगलेला धाव लागते, मधोमध डोके लागते. दोन्हीकडे चालणारा माणूस प्रशिक्षकाला घरातल्या थोरल्या सुनेसारखा वाटला तर नवल नाही. तिच्यावाचून अडते, आणि कौतुक मात्र धाकटीचे होते.

२०१७ साली तो बेंगळूरू एफसीकडे गेला आणि त्याच्या आयुष्यात १७ मार्च ही तारीख दोनदा आली. १७ मार्च २०१८ रोजी सुपर लीगचा अंतिम सामना बेंगळूरूच्याच मैदानावर झाला आणि चेन्नईयिन संघाने तो ३-२ असा जिंकला. त्यांच्या तीन गोलांपैकी दोन, कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला त्यांचा बचावपटू मेलसन आल्व्हेस याने डोक्याने मारून केले होते. बचाव करणाऱ्या संघाला याहून झोंबणारी गोष्ट नाही. महिन्याभरातच, २० एप्रिलला, भुवनेश्वरला सुपर कपाच्या अंतिम सामन्यात बेंगळूरूने ईस्ट बंगालला ४-१ असे हरवले. आपल्या त्या जुन्या संघाविरुद्ध बरोबरीचा गोल केला तो राहुलने.

मग आला १७ मार्च २०१९. पुन्हा सुपर लीगचा अंतिम सामना, समोर एफसी गोवा, आणि मैदान मुंबईचे, अंधेरीच्या क्रीडासंकुलातले. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळ सुरू झाला. गोव्याचा अहमद जाहू दोन पिवळ्या कार्डांमुळे बाहेर गेला, तरीही कोंडी फुटेना. ११७ व्या मिनिटाला बेंगळूरूला कॉर्नर मिळाला. अशा वेळी उंच बचावपटू आपले घर सोडून पुढे जातात. कारण कॉर्नरचा चेंडू हवेतून येतो, आणि हवेतला चेंडू डोक्याने परतवणे हा तर त्यांचा रोजचाच उद्योग. फरक एवढाच, की रोज घराबाहेर फेकायचा चेंडू आज दुसऱ्याच्या घरात टाकायचा. स्पेनच्या दिमास देल्गादोने चेंडू टाकला, राहुलने उडी घेतली, आणि सामना १-० असा संपला. ज्या शहरात त्याचा जन्म झाला त्या शहरात, परक्या शहराच्या संघासाठी, त्याने विजेतेपद मिळवून दिले.

त्यानंतर अडीच महिन्यांनी, ५ जून २०१९ रोजी, थायलंडमधल्या किंग्ज कप स्पर्धेत क्युरासाओविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. वय वर्षे अठ्ठावीस! या वयात आपल्याकडे खेळाडूला "आता स्थिरस्थावर व्हा" असा सल्ला मिळू लागतो.

पण मला विचाराल तर त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस यांपैकी एकही नव्हे. तो दिवस १० सप्टेंबर २०१९ चा. दोह्याला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताची गाठ कतारशी पडली. कतार त्याच वर्षी जपानला हरवून आशियाचा विजेता झालेला. आपला कर्णधार सुनील छेत्री आजारी, मैदानाबाहेर. कतारच्या लाटांवर लाटा आल्या. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू, आणि त्याच्यापुढे राहुल, संदेश झिंगन, गोव्याचा आदिल खान आणि गोव्याचाच मंदार राव देसाई, हे चौघे. मागच्या चौघांत तिघे आपल्या कोकणपट्टीच्या अंगणातले, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात आले असेल का? सामना ०-० असा सुटला. त्या रात्री आपल्याकडचे लोक जे नाचले, ते एका न झालेल्या गोलासाठी!

२०२१ साली राहुल मुंबई सिटी या संघात आला, म्हणजे घरी आला. पुढच्या वर्षी हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी रियाधला गेला. त्या स्पर्धेत तोवर एकाही भारतीय क्लबाने सामना जिंकलेला नव्हता. पहिला सामना मुंबईने तीन गोलांनी गमावला. ११ एप्रिल २०२२ रोजी इराकच्या हवाईदलाच्या संघाशी गाठ पडली; आधी इराकी पुढे, मग पेनल्टीवर बरोबरी, आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुलचे डोके. २-१! कॉर्नर घेणारा होता तोच अहमद जाहू, जो अंधेरीच्या सामन्यात प्रतिपक्षात होता. धंदेवाईक खेळात वैर असे एका करारापुरते असते. २०२२-२३ ची लीग मुंबईने जिंकली आणि ४ मे २०२४ रोजी कलकत्त्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून सुपर लीगचा कपही मिळवला, तेव्हा मुंबईचा कर्णधार राहुल भेके होता. त्याच वर्षी तो पुन्हा बेंगळूरूला गेला.

सगळेच दिवस असे नव्हते. जानेवारी २०२४ मध्ये कतारमधल्या आशिया चषकात राहुल बचावफळीत असताना भारताने तिन्ही सामने गमावले; सहा गोल खाल्ले, केला एकही नाही. बचावपटूचे नाव लोकांना अशाच वेळी आठवते. पण त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला हैदराबादला मलेशियाविरुद्ध भारत मागे पडलेला असताना, ब्रँडन फर्नांडिसच्या कॉर्नरवर त्याने भारतासाठी पहिला गोल केला आणि सामना १-१ असा वाचवला. तेहतीस वर्षे पुरी झालेली होती. चार महिन्यांनी, १९ मार्च २०२५ ला, शिलाँगमध्ये मालदीवला ३-० असे हरवताना पहिला गोल पुन्हा त्याचाच.

आणि त्या पालकांच्या प्रश्नाचे काय? काळजी खरीच आहे. २०२५ च्या जुलैमध्ये हक्कांच्या कराराचा तिढा सुटेना म्हणून खुद्द सुपर लीगचा नवा हंगामच लांबणीवर टाकला गेला. नावाजलेल्या खेळाडूंनाही पुढे काय, हे ठाऊक नव्हते. तेव्हा मुलाला या वाटेवर सोडताना हातात एखादी पदवी असू द्यावी, असेच मी मास्तर या नात्याने म्हणेन. पण दुसरी बाजूही आहे. आपण मध्यमवर्गीय ज्या गुणांवर संसार करतो, वेळेवर जागेवर असणे, शेजाऱ्याला सांभाळून घेणे, आपल्या नावाची पाटी नसली तरी काम चोख करणे, त्याच गुणांवर हा माणूस बंद पडत गेलेल्या क्लबांच्या वस्तीत टिकून राहिला. हा खेळ आपल्या स्वभावाला परका आहे असे निदान यापुढे म्हणू नये.

आता पनवेलच्या पोरांना मैदानासाठी कूपरेज गाठावे लागत नाही. खारघरला सिडकोने फुटबॉलची मैदाने केली आहेत. संध्याकाळी तिथे गेलात तर प्रत्येक पोराला गोल मारायचा असतो आणि मागे उभे राहायला कुणी तयार नसते. वाचकहो, एक करून पाहा. पुढच्या वेळी घरात सामना लागला, की दहा मिनिटे चेंडूकडे पाहू नका. मागे उभ्या असलेल्या एकाच बचावपटूवर नजर ठेवा. तो केव्हा दोन पावले सरकतो, कुणाला हाताने खूण करतो, चेंडू यायच्या आधीच कुठे जाऊन उभा राहतो, ते पाहा. आणि घरातल्या मुलालाही शेजारी बसवून ते दाखवा.